‘चार्ज’चं ओझं

तासगावच्या एका तरुण भाषांतरकार बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एका पतसंस्थेच्या वादातले इंग्रजी कागद मराठी करायला आले. त्यात ‘चार्ज’ हा शब्द चार ठिकाणी होता: मिळकत ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ आहे, कर्जाला ‘प्रोसेसिंग चार्जेस’ लागले, त्या वेळी अमुक व्यवस्थापक ‘इन चार्ज’ होते आणि पुढे न्यायालयात ‘चार्ज फ्रेम’ झाला. त्यांनी अनुक्रमे बोजा, शुल्क, प्रभारी आणि दोषारोप असे चार शब्द वापरले. तपासणाऱ्याने काम परत पाठवलं. शेरा असा की मूळ शब्द एक, तर मराठी प्रतिशब्दही एकच ठेवा. त्या विचारतात, या शब्दाचा खरा अर्थ कोणता? आणि पाचव्या एका जागी ‘द सेड चार्ज’ असं आलं आहे, तिथे काय लिहायचं?

तुमचे चारही शब्द बरोबर आहेत. एकही बदलू नका. सांगलीत न्यायालयाचे, बँकांचे आणि मिरजेच्या दवाखान्यांचे कागद भाषांतरित करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, आणि या एका शब्दाने जितक्या वेळा थांबायला लावलं तितक्या वेळा दुसऱ्या कुठल्याच शब्दाने लावलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तपासणाऱ्याला उत्तर देताना उपयोगी पडेल.

हा शब्द मुळात बैलगाडीचा आहे. आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या गॉल लोकांकडे चाकांच्या भक्कम गाड्या होत्या. त्यांच्या भाषेतलं गाडीचं नाव रोमन लोकांनी उचललं आणि लॅटिनमध्ये ते ‘कारुस’ झालं. ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धाची हकिगत लिहिली आहे. तिच्या सुरुवातीलाच, इसवी सनापूर्वी ५८ मध्ये देश सोडून निघालेले हेल्वेटी लोक शक्य तितकी जनावरं आणि गाड्या विकत घेतात, तिथे हाच शब्द आहे. पुढे त्यावरून क्रियापद झालं ‘कारिकारे’, म्हणजे गाडी भरणं, गाडीवर माल लादणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘चार्जिए’च्या जवळचं रूप झालं. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही तिथल्या दरबाराची आणि कचेरीची भाषा झाली, आणि त्या लाटेत हा शब्द इंग्रजीत शिरला. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: ओझं, किंवा ओझं लादणं.

त्याच गाडीची इतर पोरंबाळंही आपल्या ओळखीची आहेत. कार आणि कॅरी तर उघडच आहेत. कार्गो हा स्पॅनिशच्या वाटेने आला. इटालियनमधून आलेलं कॅरिकेचर म्हणजे एखादं नाक, एखादी मिशी प्रमाणाबाहेर ‘लादून’ काढलेलं चित्र. आणि पालक मुलांच्या ज्या करिअरची रात्रंदिवस काळजी करतात, तो शब्द मुळात ‘गाडीवाट’ आहे.

लादणं म्हणजे काय, हे मला शब्दकोशाने शिकवलं नाही. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं आजोळ. हंगामात कारखान्याला ऊस जायचा तो बैलगाडीने. आबा स्वतः गाडी भरून घ्यायचे. मोळ्या नुसत्या टाकत जायच्या नसतात. पुढच्या बाजूला जास्त पडल्या तर सगळा दाब जुवावर येतो, बैलांच्या माना खाली जातात. त्याला धुरजड म्हणतात. मागे जास्त पडल्या तर गाडी उलाळ होते, धुरी वर उचलली जाते आणि चढाला बैलांना गळफास बसल्यासारखं होतं. मी हौसेने पुढच्या बाजूला मोळी ठेवायला गेले की आबा म्हणायचे, “पोरी, फुडं लई घालू नगंस. बैलाच्या मानंवर येतंय.” मोळी उचलताना ती कुणाच्या मानेवर येणार हे त्यांना आधी दिसायचं. पुढे ‘चार्ज’ शब्द समोर आला की मी हेच पाहायला लागले: इथे लादलेलं काय आहे, आणि ते कुणाच्या मानेवर आहे?

एवढं विचारलं की अर्थांचा गुंता सुटायला लागतो. माणसावर पैशाचं ओझं आलं, ते शुल्क किंवा आकार. कामाचं ओझं आलं, तो कार्यभार. दोषाचं ओझं आलं, तो आरोप. जमिनीवर देण्याचं ओझं आलं, तो बोजा. ‘आय चार्ज यू’ असं जुन्या इंग्रजीत कुणी बजावतो तेव्हा तो शब्दाचं ओझं घालतो. आपल्याकडे शपथ ‘घालतात’ ती तशीच.

मराठीकडे नीट पाहा. आपले प्रतिशब्द वेगवेगळे दिसतात, पण आत तोच विचार आहे. कार्यभार, पदभार, प्रभार, प्रभारी या सगळ्यांत भार बसला आहे. विज्ञानात गेलात तरी तेच. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात इलेक्ट्रिक चार्जला ‘विद्युत् भार’ म्हटलं आहे, शाळेच्या पुस्तकांत तो ‘विद्युतप्रभार’ होतो. आणि ‘आरोप’? हा शब्द संस्कृतातल्या रुह् धातूचा. आरोहण म्हणजे चढणं, आरोपण म्हणजे चढवणं, वर ठेवणं. दोषारोप म्हणजे दोष कुणाच्या तरी अंगावर चढवणं. रोमन गाडीवान आणि आपला संस्कृत पंडित एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोघांनी आरोपाकडे ओझं म्हणूनच पाहिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय आपला ‘भार’ ज्या भृ धातूचा, त्याचेच भाऊबंद इंग्रजीत ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ आहेत. तेव्हा इंग्रजी शब्द परका आणि आपला शब्द ओढूनताणून केलेला, असं मनात आणू नका.

आता मोबाइल. फोन ‘चार्ज’ होतो त्यात ओझं कुठलं, असं पुष्कळजण विचारतात. मधली पायरी तोफेची आहे. तोफेत दारू ठासणं हेही भरणंच, म्हणून एका बाराची दारू म्हणजे एक ‘चार्ज’. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या खडकात भोक पाडून सुरुंगाची दारू भरतात, तीही चार्जच. अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपात लेडन बरणी निघाली, आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, जिच्यात वीज साठवता येई. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन त्या बरण्यांवर प्रयोग करत होते. बरणी विजेने ‘भरते’ आणि हात लावला की झटका देऊन ‘रिकामी’ होते, हे सांगायला चार्ज आणि डिस्चार्ज हे तोफखान्याचे शब्द अगदी चपखल बसले. १७४९ मध्ये त्यांनी अशा बऱ्याच बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या संचाला ‘बॅटरी’ म्हटलं. बॅटरी म्हणजे तोवर तोफांची रांग. म्हणजे ‘बॅटरी चार्ज कर’ असं आपण घरात म्हणतो, ते अख्खं वाक्य तोफखान्यातून आलेलं आहे. आणि चहा पिऊन माणूस ‘चार्ज’ होतो, तो या बरणीच्या पुढचा अर्थ.

लाठीचार्ज हाही बहुधा हत्यारांच्याच वाटेने आला. हत्यार भरलं, रोखलं, आणि रोखून शत्रूवर धावून गेलं, असा अर्थ सोळाव्या शतकात तयार झाला. मराठीत मात्र इथे भार शोधू नका. लाठीमार हा चांगला, रोखठोक शब्द आपल्याकडे आहे.

पैशाच्या चार्जेसबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. ‘शुल्क’ हा शब्द कागदावर चालतो, पण मराठीने प्रत्येक कामाच्या आकाराला स्वतंत्र नाव दिलेलं होतं आणि ती नावं आपण हातची घालवतो आहोत. सराफाकडे ‘मेकिंग चार्जेस’ म्हणतात, त्याला घडणावळ असा शब्द आहे. कपडे शिवायची ती शिवणावळ, धुण्याची धुणावळ. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली, तोलाई, अडत असे वेगळे आकडे दिसतात, आणि शेतकऱ्याला कुठला पैसा कशाला गेला हे एका नजरेत कळतं. त्या तिन्हींना ‘सेवा शुल्क’ म्हटलं की ती समजूत गेली. पट्टीचं भाषांतर आलं तर यार्डातलाच शब्द ठेवा. तुमच्या ‘प्रोसेसिंग चार्जेस’ला तसा जुना शब्द नाही, तिथे प्रक्रिया शुल्क योग्यच.

बोजाकडे येते, कारण इथे चुकलं तर माणसाचं नुकसान होतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे. थोडक्यात सांगायचं तर एखाद्याची स्थावर मिळकत दुसऱ्याच्या पैशाला तारण झाली, पण तो व्यवहार गहाणात बसत नसेल, तर त्या मिळकतीवर चार्ज आहे असं म्हणतात. सहकारी संस्थेकडून कर्ज घेणाऱ्या सभासदाच्या जमिनीवर असा चार्ज कसा बसतो, ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ मध्ये आहे. आपल्याकडे विकास सोसायटीचं पीककर्ज घेणाऱ्याला कलम ठाऊक नसेल, पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा चढलाय की उतरलाय हे पक्कं ठाऊक असतं.

मी काम सुरू केलं तेव्हा एका खरेदी व्यवहाराचा इंग्रजी मसुदा माझ्याकडे आला होता. घेणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याला वाचून समजावं म्हणून मराठी करायचं होतं. ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ला मी लिहिलं ‘सर्व शुल्कांतून मुक्त’. त्या माणसाने अर्थ घेतला की मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च विकणारा करणार. तो खूश झाला. जमिनीवर बँकेचा बोजा आहे का, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नाही, कारण माझ्या मराठीत तो शब्दच नव्हता. आणि बोजा होता. नोंदणीच्या आदल्या दिवशी त्याच्या वकिलांनी सातबारा पाहिला म्हणून तो वाचला. मी त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तेव्हापासून मिळकतीच्या कागदात हा शब्द दिसला की मी हात आखडते. आपल्या खरेदीखतांत पिढ्यान्‌पिढ्या लिहितात तसं ‘निर्वेध व बोजाविरहित’ हेच लिहा, नवं काही घडवू नका.

‘इन चार्ज’मध्ये एक बारीक खाच आहे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याच्याकडे भार आहे तो. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे जो दुसऱ्याच्या स्वाधीन आहे तो. बाई मुलाची ‘इन चार्ज’ असते, मूल बाईच्या ‘चार्ज’मध्ये असतं. जुन्या इंग्रजी कागदांत तो छोटा ‘द’ पुष्कळदा गाळलेला असतो, तेव्हा संदर्भाने ठरवावं लागतं. लादलेलं काय आणि मान कुणाची, हे विचारलं की लगेच कळतं. तुमच्या व्यवस्थापकाला ‘प्रभारी’ लिहिताना एवढंच पाहा, की तो पदावर कायम होता की तात्पुरता. कायम असेल तर ‘प्रभारी’ने चुकीची समजूत होते, कारण मराठी कचेरीत प्रभारी म्हणजे दुसऱ्याच्या पदाचा भार तात्पुरता सांभाळणारा. मग ‘त्या वेळी कार्यभार ज्यांच्याकडे होता ते व्यवस्थापक’ असं लांब पण बिनचूक लिहावं.

‘चार्ज फ्रेम’ आणि ‘चार्जशीट’ यांची सरमिसळ वर्तमानपत्रांतही होते. चार्जशीट पोलीस दाखल करतात. गंमत अशी की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याला पोलिसांचा अहवालच म्हटलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९३ झालं. त्या अहवालावर विचार करून न्यायालय जो चार्ज ठेवतं, तो खरा दोषारोप. त्यात काय काय असावं ते जुन्या संहितेत कलम २११ मध्ये होतं, नव्यात कलम २३४ मध्ये आहे. म्हणून पोलिसांचं ते दोषारोपपत्र आणि न्यायालयाची ती दोषारोप निश्चिती, हा भेद मराठीत दिसलाच पाहिजे. पोलिसांनी ओझं गाडीजवळ आणून ठेवलं, एवढंच पहिल्याने झालं. ते चढवायचं की नाही हे न्यायालय ठरवतं. सरकारी नोकराच्या विभागीय चौकशीत ‘दोषारोपाचे ज्ञापन’ देतात, जोडपत्र १ ते ४ सह; त्याचा फौजदारी दोषारोपाशी संबंध लावू नका.

आता ओझं उतरवणं, म्हणजे ‘डिस्चार्ज’. तुमच्या पाचव्या जागेची किल्ली इथे आहे. मिरजेच्या एका दवाखान्याचा कागद माझ्यासमोर होता. त्यावर लागोपाठ दोन ओळी: जखमेतून ‘नो डिस्चार्ज’, आणि पुढे ‘पेशंट डिस्चार्ज्ड’. एका नवशिक्या मुलाने संगणकावर भाषांतर करून आणलं होतं: ‘सुट्टी नाही. रुग्णाला सुट्टी.’ पहिल्या ओळीत जखम काही बाहेर टाकत नाही, म्हणजे स्राव नाही. दुसऱ्या ओळीत दवाखान्याने रुग्णाला घरी सोडलं. दोन्हीकडे रिकामं होणंच आहे, पण कोण रिकामं होतं ते वेगळं.

पावसाळ्यात हाच शब्द आपल्या जिवाशी येतो. पाटण तालुक्यातलं कोयना धरण १०५.२५ टीएमसीचं, म्हणजे तितक्या अब्ज घनफूट पाण्याचं. ते भरत आलं की दरवाजे उचलतात आणि ‘डिस्चार्ज’ सुरू होतो. तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. ते पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली आम्ही पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवर डोळे लावून बसतो, ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका. मराठीने या डिस्चार्जला ‘विसर्ग’ हा शब्द दिला आणि तो गावोगावच्या माणसांनी असा आपला केला, की शाळेची पायरी न चढलेली आजीही “आज विसर्ग किती वाढवला?” असं विचारते. पारिभाषिक शब्द लोकांना जड जातात असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते.

न्यायालयात डिस्चार्ज म्हणजे दोषारोप ठेवण्याइतकंही काही नाही म्हणून आरोपीला आधीच सोडणं, वर्तमानपत्रं त्याला दोषमुक्ती म्हणतात. खटला चालून पुराव्याअंती सुटणं वेगळं, ती निर्दोष मुक्तता. ‘इन द डिस्चार्ज ऑफ ड्यूटी’मध्ये तर अर्थ उलटाच होऊ शकतो. ‘कर्तव्यातून मुक्त असताना’ असं भाषांतर मी स्वतः वाचलं आहे. खरा अर्थ ‘कर्तव्य बजावताना’. कर्तव्याचं ओझं सोडून नव्हे, ते पार पाडूनच उतरतं. आणि बँकेत ठेवीची मुदत संपल्यावर पावतीमागे सही करून ती ‘डिस्चार्ज’ करून द्यायला सांगतात, तिथे बँकेच्या डोक्यावरचं देणं तुम्ही सहीने उतरवून देता.

आता तुमची पाचवी जागा. तुम्ही पाठवलेलं वाक्य असं: कर्ज फिटल्यावर ‘द सेड चार्ज स्टुड डिस्चार्ज्ड’. त्याच्या आधीच्या परिच्छेदात प्रोसेसिंग चार्जेसही आहेत आणि मिळकतीवरचा चार्जही आहे. तपासणाऱ्याचं ऐकून दोन्हींना एकच शब्द दिला असता तर वाचणाऱ्याला ‘सदर’ म्हणजे कुठला हे कळलंच नसतं. एकाच अर्थाला कागदभर एकच शब्द ठेवायचा, हा नियम मीही पाळते. तो अर्थासाठी आहे, इंग्रजी स्पेलिंगसाठी नाही, हे त्यांना नम्रपणे लिहून कळवा आणि चारही जागांचे अर्थ सोबत द्या. मग तुमचं वाक्य असं होईल: ‘कर्जाची परतफेड झाल्यावर (मिळकतीवरील) सदर बोजा उतरला.’ ‘मिळकतीवरील’ हा शब्द मूळ वाक्यात नाही, म्हणून तो कंसात ठेवा. आणि बोजा चढवल्याचा व उतरवल्याचा असे दोन फेरफार असतात. मूळ कागदांत त्यांचे क्रमांक दिलेले असतील तर ते सातबाऱ्याशी ताडून मगच काम परत पाठवा.